बारा फुटी सूर्यास्त

१० नोव्हेंबर २०२४, सकाळ

रिटायर होऊन दहा दिवस झाले. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. निरोप समारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ चार मिनिटं मागे पडतं. खात्याची आठवण म्हणून तसंच ठेवलं आहे.

आजपासून रोजनिशी. कुणीही वाचायची नाही. बायकोने, म्हणजे दयाने, तर नाहीच.

निर्णय: मी चित्रकार होणार. काल दुपारी यूट्यूबवर एका परदेशी बाईंचा व्हिडिओ पाहिला. चौदा मिनिटांत सूर्यास्त. बाई ब्रश चालवत नाहीत, भिरकावतात. ‘लूज, एनर्जेटिक, स्पॉन्टेनियस’ असं त्या अकरा वेळा म्हणाल्या (मोजलं). रेघ नाही, माप नाही, हद्द नाही. बघताबघता वाटलं, अरे, हे तर आपलंच आहे. चौतीस वर्षं आत दाबून ठेवलेलं.

आता खरं कारण. इथे लिहायला हरकत नाही. आजवर ज्या गावात गेलो तिथे माझ्या कागदावरून माणसं भांडली. एकाने माझ्यादेखत सख्ख्या भावावर टिकाव उगारला. मी रेघ मारली की निदान एका घरात तरी माझ्या नावाने शिव्या. एकदा तरी असं काही काढायचं आहे की माणसं समोर उभी राहतील, बघतील आणि न भांडता घरी जातील. सूर्यास्तावरून कोण भांडणार? सूर्याचा सातबारा नसतो.

११ नोव्हेंबर

संकल्प. पेन्सिल बंद. पट्टी बंद. खोडरबर दया शिकवते त्या शाळेत देऊन टाकला, म्हणजे मोहच नको.

वेळापत्रक केलं: उत्स्फूर्तता, सायंकाळी ५.३५ ते ६.०५, रविवारी सुट्टी. लाल आणि निळ्या शाईत लिहून फ्रिजवर लावलं. दया म्हणाली, उत्स्फूर्ततेला वेळापत्रक कशाला. तिला कलेची प्रोसेस माहीत नाही.

१२ नोव्हेंबर

शहरातल्या दिल्ली गेटजवळून रंग आणले. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का. गाडी घराजवळ आल्यावर त्याला द्यायचं उत्तर सुचलं. उत्स्फूर्तता आहे, फक्त जरा उशिरा येते.

१४ नोव्हेंबर, सायं. ६.२०

गच्चीवर पहिला प्रयत्न. बाई म्हणतात, हात मनगटापासून नाही, खांद्यापासून फिरवा. फिरवला. केशरी रंग कागदावर थोडा बसला, पाण्याच्या टाकीवर बराच, आणि शेजारच्या आसारामभाऊंच्या वाळत घातलेल्या लेंग्यावर उत्तम. प्रामाणिकपणे सांगायचं तर लेंग्यावरचा सूर्यास्त जास्त मोकळा होता. आसारामभाऊंना तसं सांगितलं. त्यांनी लेंगा माझ्या हातात दिला आणि धुऊन मागितला.

१५ नोव्हेंबर

उजवा खांदा वर जात नाही. कला त्याग मागते. मलम चोळलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात पाळकसाहेब म्हणाले, अब्राहामभाऊ, रिटायरमेंटनंतर काय चाललंय. मी म्हणालो, प्रदर्शन भरवतोय. हे मला स्वतःलाही तेव्हाच कळलं. यालाच स्पॉन्टेनियस म्हणतात. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे मंडळीत जाहीर केलं: २ मार्च, चर्चचा हॉल, बंधू अब्राहाम पाटोळे यांची पंधरा चित्रं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दयाने वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

प्रदर्शनाचं नाव ठरलं, ‘मुक्त संध्या’. साडेतीन महिन्यांत पंधरा म्हणजे आठवड्याला एक. हसतखेळत होईल.

२५ नोव्हेंबर

जागा सापडली. केडगावच्या पुढे, बायपास ओलांडून तीन किलोमीटर. मधून गाडीरस्ता, दोन्हीकडे कांदा, पश्चिम एकदम मोकळी.

ईझल, म्हणजे चित्राचा स्टँड, फार महाग. म्हणून माळ्यावरचं जुनं प्लेन टेबल काढलं. तिपाईवर बसवलेला लाकडी फळा. पूर्वी आम्ही शेतात उभे राहून त्यावरच नकाशा काढायचो. ऑफिसच्या भंगारात निघालं तेव्हा घेऊन ठेवलं होतं. आज तिपाई रोवली, फळा लेव्हल केला, एक डोळा मिटून समोर बघितलं. पाच मिनिटांत सात माणसं जमली. पहिल्याच दिवशी एवढा प्रतिसाद अपेक्षित नव्हता. एकाच्या हातात कुऱ्हाड होती.

कुऱ्हाडवाले म्हणजे त्या रानाचे मालक पुंजाराम. अर्ज कुनी दिला, मोजनी कुनी मागवली, नोटीस कुठं हाय, असं एका दमात विचारलं. मी सांगितलं की मी रिटायर आहे, सूर्यास्त काढायला आलोय. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे. मग कुऱ्हाड खाली ठेवून चहा मागवला. म्हणाले, काढा की मग साहेब, सूर्याला आपली काय हरकत न्हाई.

२७ नोव्हेंबर

पुंजाराम रसिक निघाले. चित्र क्रमांक एक बराच वेळ पाहिलं. म्हणाले, ह्यात काय हाय ते मला कळंना, म्हंजे लई भारी असनार. पन्नाशीचा शेतकरी आणि ही नजर. उद्यापासून माझ्यासाठी लिंबाखाली खुर्ची ठेवणार आहेत.

२९ नोव्हेंबर

आज बायडाबाई आल्या. पासष्टीच्या. त्यांचं रान पुंजारामांच्या रानामागे, त्यामुळे जायला-यायला हा एकच गाडीरस्ता. डोक्यावर गवताचा भारा होता, तो न उतरवता चित्र पाहिलं. म्हणाल्या, रस्ता बरूबर काढलाय. सूर्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. मी बोट लावून सूर्य दाखवला. म्हणाल्या, त्यो तर रोजच दिसतो.

जाण सगळ्यांनाच नसते. वाईट वाटून घेतलं नाही. थोडं वाटलं.

३ डिसेंबर

आराधनाला पुण्याला चित्र पाठवलं. मुलगी इंटिरियरचं काम करते, तिचं मत महत्त्वाचं. ती म्हणाली, बाबा, रस्ता लांब जाताना अरुंद होत गेला पाहिजे, तुमचा शेवटपर्यंत तेवढाच आहे. मी सांगितलं, रस्ता बारा फुटी आहे. लांब गेला म्हणून अकरा होत नाही. अरुंद झाला तर त्याला अतिक्रमण म्हणतात. ती म्हणाली, पर्स्पेक्टिव्ह म्हणून काही असतं. मी म्हणालो, रस्ते तू जास्त पाहिलेस की मी. तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं. नमस्कार पोचला.

९ डिसेंबर

आज एकूण फटकारे २१४. मागच्या आठवड्यात १८० होते. मोकळेपणा साधारण एकोणीस टक्क्यांनी वाढला.

पेन्सिल खिशात होती, पण ती फक्त रंग ढवळायला. टोक काढून नेली होती. टोकदार पेन्सिलीने रंग चांगला ढवळला जातो.

११ डिसेंबर

सूर्य गोल येत नव्हता. दयाची बांगडी ठेवून काढला. बांगडी म्हणजे पट्टी नव्हे. संकल्प शाबूत.

१३ डिसेंबर

दया बांगडी शोधते आहे. मीही तिच्याबरोबर शोधली.

१४ डिसेंबर

बांगडी सापडली. केशरी आहे. या विषयावर इथे लिहिण्यासारखं काही नाही.

१९ डिसेंबर

चित्रात पुंजारामांची म्हैस घेतली होती. काल जिथे उभी होती तिथे आज नव्हती. पाऊण तास वाट पाहिली. शेवटी पुंजारामांनी स्वतः ओढून आणली. मी बांधावरून हात करून सांगत होतो, अजून दोन फूट डावीकडे. म्हैस जागेवर आली तोवर सूर्य गेला. म्हैस मात्र अचूक उतरली आहे.

२५ डिसेंबर, नाताळ

सुट्टी. करंज्या उत्तम. पाहुण्यांना चार चित्रं दाखवली. चौथ्यातलं आकाशातलं पाखरू माझा अभिमान आहे. एका झटक्यात आलं, हाताला विचार करायला वेळच नव्हता. दया सगळ्यांसमोर म्हणाली की ते पाखरू नाही, नकाशाच्या कोपऱ्यात असतो तो उत्तर दिशेचा बाण आहे, आणि डोक्यावर यांनी ‘उ’ पण लिहिलाय. मी सांगितलं, तो तुरा आहे. पाहुणे इतके हसले की एकाला ठसका लागला. नाताळ आहे म्हणून क्षमा केली.

१ जानेवारी २०२५

नववर्षाचा संकल्प: पहिला फटकारा डोळे मिटून मारायचा. बाईंच्या नव्या व्हिडिओत आहे.

२ जानेवारी

मारला. पुंजारामांच्या चहाच्या कपात. त्यांनी न बघता प्यायला. सध्या ठीक आहेत.

१६ जानेवारी, सायं. ७

चित्र क्रमांक सात. काय लिहू.

५.५४ ला सुरुवात, ६.१७ ला शेवट (प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तारीख-वेळ घालतोच, आजही घातली). आकाश नुसतं पेटलं होतं. हात माझा नव्हताच. कुठलाही विचार नाही, कुठलंही माप नाही. कांदा, रस्ता, बायडाबाईंच्या बांधाजवळचा हद्दीचा दगड, वर पुन्हा ते तुऱ्याचं पाखरू, सगळं आपोआप येत गेलं. मी बांधावर चक्क नाचलो. साठाव्या वर्षाकडे निघालेला माणूस, पायात चप्पल एकच. पुंजाराम म्हणाले, साहेब, तुमी आता कुनाच्या ताब्यात ऱ्हायला न्हाई. हे वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

बायडाबाई म्हणाल्या, लई सरळ. टेप लावून बघा म्हनावं कुनालाबी.

त्यांची कीव आली.

२८ जानेवारी

नऊ चित्रं झाली. वेळापत्रकाप्रमाणे अकरा हवी होती. खांदा. शिवाय सूर्य रोज थोडा उत्तरेकडे सरकतो, त्याने आधी कळवायला हवं.

६ फेब्रुवारी

मोठा आघात. रस्ता गेला.

दुपारी पुंजारामांनी ट्रॅक्टर घालून अख्खा गाडीरस्ता नांगरला आणि आपल्या रानात घेतला. बायपासमुळे जमिनीला भाव आलाय, म्हणतात. मी पोचलो तेव्हा ढेकळंच ढेकळं. माझी सगळी कॉम्पोझिशन मोडली. पुंजारामांना तसं म्हणालो. ते हसून म्हणाले, तुमी कलाकार मानूस, नसलेला रस्ताबी काढाल. ऐकायला बरं वाटलं.

बायडाबाई पलीकडे बांधावर बसल्या होत्या. त्यांचा कांदा काढून झालाय, रानात ढीग लागलेत. ट्रॅक्टर आत जायला वाट नाही. बैलगाडीलाही नाही.

ढगाळ होतं म्हणून लवकर निघालो.

७ फेब्रुवारी

गेलो नाही. खांदा.

८ फेब्रुवारी

गेलो नाही. परवा ढग नव्हते. उगाच नोंद चुकीची नको.

१० फेब्रुवारी

बायडाबाई घरी आल्या. एस.टी.ने केडगाव, मग विचारत विचारत. चपला दारात इतक्या सरळ काढून ठेवल्या की मला बघत बसावंसं वाटलं.

तहसीलला अर्ज दिलाय म्हणाल्या. पण रस्ता हुता असं सांगायला गावात कुनी तयार न्हाई, निम्मं गाव पुंजारामचं पावनं. त्यांचा कल्याण नावाचा मुलगा सुरतेला गिरणीत, त्याच्याकडे फोटो नाही. गावात बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये त्या रस्त्याचे ढीगभर फोटो आहेत, पण सगळ्यांत पुढे स्वतःचं तोंड आणि रस्ता डोक्यामागे. तुमच्या चित्रात हाय, म्हणाल्या. तारखेसकट हाय. ते सातवं द्या.

मी त्यांना कला आणि पुरावा यांतला फरक समजावला. वीस मिनिटं. मुक्त शैलीत कलाकार समोरच्या गोष्टीला बांधलेला नसतो हे म्हैस आणि पाखरू यांची उदाहरणं देऊन सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, मंग देताय न्हवं?

दया आत गेली, सातवं चित्र जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिलं. वर जेवायला बसवलं. प्रदर्शनाचं मुख्य चित्र. मी जेवलो नाही. म्हणजे नंतर जेवलो.

१७ फेब्रुवारी

तहसील कार्यालयाचं पत्र. २४ तारखेला चित्राबाबत जबाब द्यायला हजर राहावे.

संध्याकाळी पुंजाराम आले. शाल घेऊन. माझ्या खांद्यावर घातली, दुखऱ्याच. म्हणाले, आमचं वकीलसाहेब म्हनत्यात, पाटोळेसाहेब म्हंजे मोठं कलाकार. तेवढंच तहसीलदार मॅडमपुढं सांगा. चित्र म्हंजे मनाचा खेळ, त्यात खरं-खोटं कसलं. आणि दोन तारखेला दोन टेम्पो भरून मानसं आनतो तुमच्या प्रदर्शनाला.

दोन टेम्पो. चौतीस वर्षांत माझ्याकडे टेम्पो भरून माणसं आली ती एकदाच, आणि ती मारायला आली होती. डोळे भरून आले. दयाने शाल घडी करून दाराबाहेर स्टुलावर ठेवली.

२० फेब्रुवारी

विचार केला. खोटं बोलायचंच नाहीये. मी मुक्त शैलीचा चित्रकार आहे, हे खरंच आहे. खरं तेच सांगणार. त्याचा कुणाला फायदा होतो, कुणाला तोटा, हे बघणं साक्षीदाराचं काम नाही.

दयाला हे वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. ती म्हणाली, कांद्याला कोंब फुटायला लागलेत, बायडाबाईंचा फोन आला होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

आरशासमोर भाषण बसवलं. ‘कला आणि वास्तव’. चार मिनिटं दहा सेकंद. चर्चला गेलो तर पाळकसाहेब नेमके खऱ्या साक्षीवर बोलत होते. त्यांना कुणी सांगितलं? दया वेगळ्या बाकावर बसली होती.

२४ फेब्रुवारी, दुपार

जसं झालं तसं लिहितो.

तहसीलदार मॅडम तरुण आहेत, आवाज बारीक. टेबलावर माझं सातवं चित्र. ऑफिसच्या ट्यूबलाइटमध्येही काय पेटलं होतं. बायडाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मी शपथ घेतली.

पुंजारामांच्या वकिलांनी सुरुवात केली. म्हणाले, समोर उभे आहेत ते जिल्ह्यातले मुक्त शैलीचे ज्येष्ठ चित्रकार. ज्येष्ठ. ऑफिसमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी छाती भरून आली, हे लपवत नाही. त्यांनी विचारलं, आपण लूज शैलीत काम करता ना. हो म्हणालो. समोर दिसतं तेच काढायचं असं बंधन आपल्यावर नाही ना. नाही म्हणालो. म्हणजे या चित्रातला रस्ता ही आपली कल्पनाही असू शकते. मी भाषणासाठी श्वास घेतला.

तेवढ्यात मॅडमनी विचारलं, हा रस्ता किती फुटी आहे?

मी म्हणालो, बारा.

तोंडातून निघून गेलं. त्या म्हणाल्या, लांब गेल्यावरही बारा? मी म्हणालो, शेवटपर्यंत बारा. दगडापाशी सव्वाबारा. त्यांनी विचारलं, हे तुम्ही कशावरून सांगता.

पुंजाराम मला डोळ्यांनी खुणावत होते. वकील म्हणत होते, कलाकाराच्या अंदाजाला काही अर्थ नसतो. एका शब्दाचं काम होतं, अंदाज. तो म्हटला असता तर मी ज्येष्ठ चित्रकार म्हणून त्या दारातून बाहेर पडलो असतो, आणि मागे दोन टेम्पो. बायडाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या चित्रातल्या रस्त्याकडे बघत होत्या, बांधापासून दगडापर्यंत, पुन्हा दगडापासून बांधापर्यंत.

मी सांगितलं. मोजून काढला. रोज रंग काढायच्या आधी मी तो रस्ता पावलांनी मोजत होतो. माझं पाऊल अडीच फुटांचं, खात्यात तपासून घेतलेलं. चित्राखाली पेन्सिलीची आखणी आहे, प्रमाण एकास पाचशे. पट्टी वापरली आहे. पट्टी मोज्यात घालून नेत होतो. म्हैससुद्धा मापात आहे. हे मी रोजनिशीतही लिहिलं नव्हतं.

मॅडमनी त्या रानांचा जुना मोजणी नकाशा मागवला, तोही योगायोगाने त्याच प्रमाणात होता. चित्रावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. रस्त्यावर रस्ता बसला, दगडावर दगड. पाखरू बघून मॅडम म्हणाल्या, उत्तर बरोबर दाखवली आहे. ऑफिसमधला शिपाई म्हणाला, काय नकाशा काढलाय साहेबांनी, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोकळं चित्र. एका ठिकाणीही सुटलेलं नाही.

बाहेर आल्यावर पुंजाराम म्हणाले, तुमी कलाकार न्हाईच, तुमी खात्याचंच मानूस. मागे वळूनही पाहिलं नाही. हे मला लागलं. आत्ता लिहितानाही लागतंय.

दयाने घरी आल्यावर पान वाढलं. आमटीत चिंच-गूळ माझ्या आवडीचा घातला होता.

२५ फेब्रुवारी

झोपून होतो. व्हिडिओ लावला. बाई म्हणाल्या, लेट गो. बंद केला.

२८ फेब्रुवारी

मॅडम काल स्वतः जागेवर जाऊन आल्या. रस्ता खुला करून द्यायचा आदेश झाला. सातवं चित्र फाईलला लावलंय, परत मिळायला वेळ लागेल. त्याला पान नंबर दिलाय. तेवीस.

१ मार्च

बायडाबाईंचा ट्रॅक्टर दुपारी त्या रस्त्याने कांदा घेऊन गेला. सहज तिकडे गेलो होतो म्हणून दिसला. ट्रॉली भरून, वर पोती. बायडाबाई ट्रॉलीत उभ्या होत्या. मी बांधाकडेला होतो, दोन्ही चाकं रस्त्यात आहेत का तेवढं पाहिलं. दोन्ही बाजूंनी जवळपास तीन-तीन फूट जागा राहत होती. मला इतका आनंद झाला की खांद्याचा विचार न करता हात वर केला. खाली आणायला ड्रायव्हरने मदत केली.

उद्या प्रदर्शन. पंधराच्या जागी आठ चित्रं. कोण येणार.

२ मार्च, रविवार, सायंकाळ

हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, शाळेतून बाकं आणली. मंडळीतली माणसं होतीच, पण दुपारनंतर टेम्पो यायला लागले. दोन नाही, चार. त्या गावचे, शेजारच्या गावचे, दोघेजण तर थेट काष्टीहून, एवढ्या लांबून. पाळकसाहेब माझा हात धरून म्हणाले, अब्राहामभाऊ, केवढी ही कलेची भूक. मी कोट घातला होता. चित्रांशेजारी उभा राहिलो.

लोक वाकून वाकून बघत होते. एकाने खिशातून टेप काढली. मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आहे आणि पिशवीत सातबारा.

रंगनाथ नावाचे गृहस्थ सर्वांत पुढे होते. म्हणाले, साहेब, आमच्याबी बांधाचं असं एक काढून द्या, तारीख टाकून. मी सांगितलं की हे सरकारी मोजमाप नाही, ही संध्याकाळची चित्रं आहेत. ते म्हणाले, व्हय व्हय, तसलंच. फकस्त सूर्य नसला तरी चालंल, तेवढाच तुमचा येळ वाचंल. मागचे म्हणाले, आमालाबी बिगरसूर्याचंच.

बायडाबाई अर्धं पोतं कांदा घेऊन आल्या होत्या. सातवं कधी मिळंल, विचारत होत्या. लॅमिनेशन करून रस्त्याच्या तोंडाला लावायचं आहे, पुंजारामांना येता-जाता दिसेल असं. मी विचारलं, आणि सूर्य कसा वाटला तुम्हाला. त्या म्हणाल्या, हाय की बरा. पन रस्त्याच्या मानानं जरा मोठा झालाय.

त्यांचं बरोबर आहे. बांगडीचं माप होतं ते.

एक सांगायचं तर कुणीही भांडलं नाही. चार टेम्पो माणसं माझ्या कागदांसमोर उभी राहिली, शांतपणे बघितलं, रांगेत नावं दिली, चहा घेऊन घरी गेली. दया टेबलाशी बसून नावं लिहून घेत होती. सदतीस झाली. तिने प्रत्येकाला गट नंबर विचारला, मी सांगितलंही नव्हतं.

रंगनाथांना उद्याची वेळ दिली आहे. सकाळी सात. संध्याकाळी उजेड पुरत नाही.